मॅडमना काय दिलं?

घरी बसून शिकण्याच्या त्या वर्षात पोरं काय शिकली ते पोरांना ठाऊक, माझं वजन मात्र सात किलोंनी वाढलं. नातेवाईक म्हणायचे, शाळा बंद, पगार चालू, आराम मानवला बाई तुला. आराम कसला डोंबलाचा. रोज सकाळी धाप लागेस्तोवर घरोघर हिंडत होते मी. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायला तोंड उघडलं की समोरचा म्हणायचा, बसा आधी, चहा टाकतो.

मी धुळ्याची. नोकरी शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. पहिली-दुसरीचा वर्ग, पट एकोणीस. शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, मोबाईलवर शिकवा. मी मुकाट्यानं ग्रुप काढला. एकोणीस पोरांत मोबाईल सात, ते सातही बापांच्या खिशात आणि बाप केळीच्या बागेत. मी 'क' लिहून पाठवायची, उत्तरात गुलाबाची फुलं यायची. एकदा बेरजेचं गणित टाकलं तर एका आबांनी त्याखाली विकायला काढलेल्या म्हशीचा फोटो टाकला. दिवसभर ग्रुपवर म्हशीचीच चर्चा. संध्याकाळी मी स्वतःच विचारून बसले, कितवं वेत आहे. तेव्हा कळलं, हे काही खरं नाही.

मग ठरवलं, पोरं शाळेत येऊ शकत नाहीत ना, आपण जाऊ. प्रत्येक घराच्या ओट्यावर बसायचं, तोंडाला मास्क, मध्ये दोन हात अंतर, वीस मिनिटं शिकवायचं आणि पुढच्या घरी. दिवसाला नऊ-दहा घरं. वेळापत्रक केलं, लाल पेनानं रेघा मारल्या. कागदावर फार झकास दिसत होतं. त्या कागदात चहाचा रकाना नव्हता, एवढीच चूक झाली.

आमच्या खान्देशात दारी आलेलं माणूस कोरडं परत जात नाही. त्यात मास्तरीण. नको म्हटलं की घरधनीण विचारणार, "आमना घरना चहा चालत नही का?" आता याला काय उत्तर द्यायचं? चालतो म्हटलं तर प्यावा लागतो, चालत नाही म्हटलं तर पुढच्या तीन पिढ्या लक्षात ठेवतील. मी पहिल्या दिवशी नऊ घरी नऊ चहा प्यायले आणि रात्रभर घुबडासारखी जागी राहिले.

बरं, प्रकरण चहावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण गावात घराला घर लागून आणि गच्चीला गच्ची. मी पहिल्या घरातून उठायच्या आत तिसऱ्या घरी चौकशी पोचलेली असायची, मॅडमना काय दिलं? चहा दिला? मग आपण चहाबरोबर ज्वारीचे बिबडे तळू. त्यांनी बिबडे दिले? मग आपण भजी. आठवड्याभरात भज्यांची शेवभाजी झाली, शेवभाजीची वरण-बट्टी झाली. शेवटी गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरच्या अक्कांनी तर खापरावरचे मांडे केले. मांडे म्हणजे परातीएवढी पुरणपोळी, पातळ इतकी की फुंकरीनं हलावी. सकाळी साडेनऊला. मास्क हनुवटीवर आणि तोंडात पुरण, अशा अवस्थेत मी अक्कांच्या नातवाला एकं-दहं शिकवलं.

वीस मिनिटांतली बारा खाण्यात जायची. म्हटलं, चला, ताटातलंच शिकवू. एका पोराला विचारलं, ताटलीत सात भजी, मॅडमनं दोन खाल्ली, किती उरली? त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "उरतीन कशे? माय आखो वाढी ना." बरोबरच होतं त्याचं. तेवढ्यात त्याची आई कढई घेऊन आलीच, आणि दोन गेलेल्या ताटलीत चार आली. त्या घरात वजाबाकी शिकवणं मी सोडून दिलं.

मग खोटं बोलायला सुरुवात केली. आधी सांगितलं, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. अरे देवा. दुसऱ्या दिवसापासून चहा गेला आणि औषधं आली. एका घरी मेथीचं पाणी, दुसऱ्या घरी जांभळाच्या बियांची पूड. ते म्हैसवाले आबा तर कारल्याच्या रसाचा पेला घेऊन ओट्यावर माझी वाटच बघत बसायचे. पेला रिकामा होईपर्यंत त्यांची नात पाटीला हात लावायची नाही, आबांचा तसा हुकूमच होता. चार दिवसांत मी जाहीर केलं की माझी साखर उतरली.

मग म्हटलं, उपास आहे. आपल्याकडे म्हण आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. ती मला ठाऊक होती तरी मी हे बोलले, म्हणजे दोष माझाच. साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू, आणि केळी तर विचारू नका, फणीच्या फणी. सोमवारी महादेवाचा सांगितला होता, तो पुरेना म्हणून गुरुवारी दत्ताचा आणि शनिवारी मारुतीचा धरला. पोटाला काही फरक पडला नाही, पण गावात माझी कीर्ती झाली. बाया मला नवस कसा बोलायचा ते विचारू लागल्या. एकीनं तर मी बसले होते त्या पाटाला हळद-कुंकू वाहिलं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

या सगळ्यात एक घर मात्र मला कधी उघडं दिसलंच नाही. गावाबाहेर, अक्कांच्याच केळीच्या बागेत, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून एक खोली होती. तिथे त्यांचा सालदार राहायचा, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर एकाच शेतकऱ्याकडे राबणारा गडी. डोंगरातल्या पाड्यावरून आलेलं कुटुंब. नवरा, बायको, पहिलीतली मुलगी आणि तिच्या कडेवर कायमचा चिकटलेला वर्षाचा भाऊ. माझ्या यादीत ते एकोणिसावं घर, एक दिवसाआड मी तिथे पोचायची, तेव्हा दाराला कुलूप. सोमवारी कुलूप, बुधवारी कुलूप, शुक्रवारी कुलूप. चुलीतून धूर निघतोय आणि दाराला कुलूप.

मी संतापायची. मनात म्हणायची, आम्ही इथे पोट फुटेस्तोवर खाऊन शिकवतोय आणि यांना पोरीचं काही पडलेलं नाही. पोरगी भावाला सांभाळते, सोय झाली, कशाला शिकवायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे साल संपतं. सालदार त्या दिवशी राहिला तर राहिला, नाहीतर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी. हे लोक जाणार असं अक्कांच्याच तोंडून कळलं होतं. म्हणजे ही पोरगी एक अक्षर न शिकता जाणार, नव्या गावात वाचता येत नाही म्हणून लाजणार, आणि शाळेऐवजी कडेवरचा भाऊच तिचा वर्ग होणार. असल्या पोरी मी डझनाने पाहिल्यात. एकदा रागाच्या भरात मी त्या कुलपाला हातातल्या पट्टीनं फटका मारला. पट्टी तुटली.

संक्रांतीनंतरची गोष्ट. एका सकाळी गावाच्या तोंडाशी केळीचे ट्रक आडवे उभे होते. स्कूटर जाईना म्हणून मी बागेच्या मागच्या वाटेनं शिरले, आणि माझं वेळापत्रक उलटं झालं. एकोणिसावं घर पहिलं आलं. मुलीची आई अंगणात भांडी घासत होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती उठली, आत गेली, बाहेर आली तर हातात कुलूप. मी चार हातांवर उभी, पोरगी दारात, आणि ही माझ्यादेखत स्वतःच्या घराला कुलूप लावायला निघालेली. दोघी त्या कुलपाकडे बघत राहिलो.

शेवटी पोरगीच बोलली. "मॅडम, आमना घर दूध नही शे. म्हनीसन माय कुलूप लावस."

मला खाली बसावंसं वाटलं आणि मी बसलेच, केळीच्या रिकाम्या क्रेटवर. माझी सहा महिन्यांची भजी, बट्ट्या, मांडे या बाईच्या कानावर रोज जात होते. आज तिथे काय दिलं, काल तिथे काय दिलं. मालकिणीच्या घरी खापर चढतं आणि आपल्या घरी मॅडमला द्यायला चहात घालायचं दूध नाही, म्हणून ती मी यायच्या वेळेला पोरांना घेऊन केळीत जाऊन बसायची. आणि मी पट्ट्या तोडत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू. तोंडात मारून घ्यावं असं वाटलं.

मग जे तोंडून निघालं ते काही विचार करून बोलले नाही. मी म्हटलं, बाई, माझं पोट बघ. हे सगळं तुझ्या गावानं केलंय. मला या गावात एक घर असं पाहिजे जिथे मला कुणी काही खायला घालणार नाही. तुझ्या पाया पडते, मला इथे बसू दे आणि काही देऊ नकोस. ती आधी घाबरली. तिला वाटलं मॅडमना झालंय काय. मग तिनं खरंच माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. पदराआड ती हसत होती. कुलूप तिनं खिळ्याला अडकवून ठेवलं.

त्या दिवसापासून मी तिथे सगळ्यात आधी जाऊ लागले आणि तास-दीड तास बसू लागले. एक लोटा पाणी मिळायचं, बस. काय सुख होतं ते. पोरीला एक अक्षर येत नव्हतं, पण डोकं असं की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला गेलं तर रागवायची. भाऊ कडेवर, पाटी मांडीवर. पाटी पुसायला फडकं लागायचं नाही, भाऊ चाटून साफ करायचा. त्यानं 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळी मुळाक्षरं पचवली. खडूही दोन खाल्ले. आखाजीला तीन महिने होते आणि मी दिवस मोजत होते. परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईला लागते तशी मला काळजी लागली होती.

इकडे गावात वेगळंच शिजत होतं. मॅडम बागेतल्या खोलीत दीड तास बसतात. आपल्याकडे वीस मिनिटं आणि तिथे दीड तास. मग तिथे काय देत असतील? कुणी म्हणालं रानातला मध. कुणी म्हणालं डोंगरातली गावठी कोंबडी. त्यावर दुसरी म्हणाली, शनिवारीपण जातात हो, मारुतीच्या उपासाला. झालं, माझी सगळी पुण्याई त्या न शिजलेल्या कोंबडीपायी धुळीला मिळाली. नवस विचारणाऱ्या बाया बंद झाल्या. पाटावरचं हळद-कुंकूही गेलं.

सर्वांत जास्त लागलं ते अक्कांना. त्यांच्या खापरावरच्या मांड्यांना तालुक्यात तोड नव्हती आणि त्यांच्याच सालदाराच्या चुलीनं त्यांना मागं टाकलं होतं. एके सकाळी, मी शिकवत असतानाच, शेजारणीला बरोबर घेऊन त्या बागेत आल्या. केळीचं पान पाहिजे म्हणाल्या. बाई दोन हजार झाडं सोडून पानासाठी थेट चुलीजवळ आली. तिथे एक पातेलं होतं. अक्कांनी झाकण उचललं. आत काही नव्हतं. शेजारी डबा होता, त्यात पीठ तळाला. मुलीची आई भिंतीला चिकटून उभी, जमीन दुभंगली तर बरं अशी. माझं डोकं फिरलं. पण मी खरं बोलले असते तर तिची अब्रू गेली असती, आणि तीच झाकायला तिनं सहा महिने कुलूप लावलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "इथे मला शिकवू देतात. म्हणून बसते. तुमच्या घरी तुम्ही मला जेवू घालता, तुमचा नातू बसून माझं जेवण बघतो. त्याला अजून वीसच्या पुढे येत नाही."

शेजारीण म्हणाली, अहो मॅडम, असं कसं. अक्कांनी मात्र रिकाम्या पातेल्यावरचं झाकण आवाज न करता परत ठेवलं, आणि पान न घेताच निघून गेल्या.

मला वाटलं, आता बदलीची ऑर्डर येणार. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या ओट्यावर गेले तर नातू पाटी घेऊन ताठ बसलेला. चहा नाही, बिबडे नाही, काही नाही. अक्का दारात कमरेवर हात ठेवून पहारा देत उभ्या. शिकवा म्हणाल्या. झालं, तासाभरात गावभर पोचलं, अक्कांनी मॅडमना काही दिलं नाही. मग काय विचारता. जी चढाओढ देण्यात होती ती न देण्यात लागली. एक म्हणायची, आम्ही चहा विचारलासुद्धा नाही. दुसरी म्हणायची, आम्ही तर चूलच पेटवली नाही मॅडम असेपर्यंत. कारल्याच्या रसाचे आबा सर्वांच्या पुढे. उन्हाळा तापलेला, मी त्यांच्याकडे घोटभर पाणी मागितलं, तर नातीकडे बोट दाखवून म्हणाले, आधी तिचा पाढा. मी दहाचा पाढा घशाला कोरड पडलेली असताना ऐकला. ती नऊवर अडली तेव्हा मला रडू आलं. त्यानंतर मी पिशवीत पाण्याची बाटली आणि डबा ठेवायला लागले, आणि तो डबा बागेतल्या खोलीबाहेर क्रेटवर बसून खायचे.

पण त्यामुळे वेळ मिळाला, आणि वेळच तर पाहिजे होता. पोरगी होळीला काना-मात्रा वाचू लागली. गुढीपाडव्याला खताच्या रिकाम्या पोत्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून तिनं बापाला विचारलं, हे केळीला घालतात का खायला असतं. बापानं पोतं उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुढे दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तिच्याकडून ते वाचून घेतलं. फक्त जोडाक्षरं तिला आवडायची नाहीत. म्हणायची, एकाला दुसऱ्यावर कशाला बसवायचं, जागा आहे ना.

आखाजी आली. गावात लिंबाला झोके बांधलेले आणि बागेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सालदाराचं बिऱ्हाड चढत होतं. गोधड्या, हंडा, एक पत्र्याची पेटी. साक्रीकडच्या कुठल्याशा गावी जाणार होते. नव्या शाळेत ही पोरगी गेली तर पाहिजे, या धास्तीनं मला दोन रात्री झोप लागली नव्हती. म्हणून मी तिथल्या शिक्षकांसाठी चिठ्ठी लिहून आणली होती. आईच्या हातात दिली, जपून ठेव म्हटलं, शाळेत दाखव. मी एकदम निर्धास्त होते. आईला वाचता येत नाही, बापाला वाचता येत नाही, चिठ्ठी थेट शिक्षकांच्या हातात पडणार. पंचवीस वर्षं नोकरी केलेली मास्तरीण मी, आणि तीन महिने छाती फोडून जिला वाचायला शिकवलं तिचाच विचार माझ्या डोक्यात आला नाही.

आईनं विचारलं, काय लिहिलं शे? मी काहीतरी गोड थाप मारणार, एवढ्यात पोरीनं चिठ्ठी ओढून घेतली. भाऊ कडेवर तसाच. बोट ठेवून वाचायला लागली. नमस्काराला अडली, तो सोडून दिला. "ही मुलगी हुशार आहे." आई हसली. बाप ट्रॉलीवर दोरी बांधत होता, त्याचा हात थांबला. "हट... टी आहे." पोरीनं डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दे इकडे, बाकी काही नाही त्यात, उन्हात कशाला. तिनं पाठ फिरवली आणि पुढे वाचलं. "घरचे हिला भावाला सांभाळायला घरी ठेवतील."

मी केळीच्या पानांकडे बघत होते. सहा महिने जी बाई माझ्यासमोर यायला लाजली तिच्याच तोंडावर, तिच्याच पोरीकडून, मी हे वाचून घेतलं होतं. पोरगीपण थांबली होती. तिला कळलं होतं तिनं काय वाचलं ते.

आई पुढे आली. तिनं पोरीच्या कडेवरून बाळ उचललं, आपल्या कडेवर घेतलं, आणि म्हणाली, "वाच. पुढे काय शे?"

पुढे तीन शब्द होते आणि मग शेवटी एक. पोरीनं कागद दोन्ही हातांत धरला. "ठेवू देऊ नका," तिनं वाचलं, आणि न अडखळता शेवटचा शब्दही वाचला, "भांडा."